आधी खडक जेवतो: रिठ्याच्या अर्काने जुन्या साठ्यातलं तेल सोडवण्याचा एक प्रस्ताव

साठ्याचा एक चौकोनी तुकडा घेऊ. २०० मीटर लांब, २०० मीटर रुंद. जमिनीखाली तेल धरून बसलेला वालुकाश्माचा थर १० मीटर जाड, आणि त्यात २५ टक्के पोकळी. मध्यभागी पाणी खाली दाबणारी एक विहीर, चार कोपऱ्यांवर तेल वर आणणाऱ्या चार. पोकळी बरोबर एक लाख घनमीटर भरते. सुरुवातीला त्यातली ७० टक्के जागा तेलाने व्यापलेली होती, म्हणजे ७०,००० घनमीटर तेल. अनेक वर्षं पाणी दाबल्यावर ३२,००० घनमीटर वर आलं. ३८,००० अजून खालीच आहे. आता वर येणाऱ्या दर १०० लिटरमध्ये ९६ लिटर पाणी असतं.

हा तुकडा कुठल्याही नकाशावर सापडणार नाही. जुन्या वालुकाश्मी साठ्यांत वारंवार भेटणाऱ्या आकड्यांतून मी तो बांधला आहे. आकडे मुद्दाम गोल ठेवले, म्हणजे कुणालाही कागदाच्या पाठीवर गणित पडताळता येईल. तेल वर आल्यावर वायू निघून ते थोडं आक्रसतं, तो हिशोब सोडून दिला आहे. प्रस्तावही या जातीच्या प्रस्तावांचा नमुनाच आहे: रिठ्याच्या सालींचा अर्क पाण्यात मिसळून मधल्या विहिरीतून सोडायचा. तो झाडापासून मिळतो, मातीत विघटित होतो, विषारी नाही. प्रयोगशाळेत खडकाच्या तुकड्यातून मूळ तेलाच्या १० टक्के जादा तेल मिळालं आहे. तेच प्रमाण साठ्यात धरलं तर ७,००० घनमीटर.

प्रस्तावात खोटं काही नाही. प्रयोग खरा, फेस खरा, जादा तेलही खरं. आणि तरीही तो आहे तसा मंजूर करता येत नाही.

तेल अडकतं कुठे

पाण्याच्या माऱ्यानंतर तेल मागे राहण्याची कारणं दोन. काही भागांत पाणी पोहोचतच नाही. पाणी तेलापेक्षा पातळ, ते सोप्या वाटेने धावतं आणि कडेचं तेल तसंच सोडून देतं. हा वाटेचा प्रश्न झाला. त्यावर उपाय म्हणजे पाणी दाट करणं. दुसरं कारण बारीक आहे आणि रिठ्याचा संबंध त्याच्याशी येतो. जिथून पाणी नीट वाहून गेलं तिथेही छिद्रांत तेलाचे तुटक थेंब उरतात. आपल्या तुकड्यात पाणी फिरलेल्या जागेतही सुमारे ३० टक्के पोकळी अशा थेंबांनी भरलेली आहे.

हा थेंब पुढे का सरकत नाही? वाळूच्या कणांमधलं पोट १५ मायक्रॉन त्रिज्येचं, बाहेर पडायची गळी ५ मायक्रॉनची, असं धरू. तेल आणि पाणी भेटतात त्या सीमेवरचा आंतरपृष्ठ ताण (पुढे नुसता पृष्ठताण किंवा ताण) मीटरला २५ मिलिन्यूटन. गळीतून जायचं तर थेंबाला आपलं तोंड आवळावं लागतं, आणि पृष्ठताण त्याला विरोध करतो. दुप्पट ताण भागिले त्रिज्या केलं की गळीशी १०,००० पास्कल येतात, पोटाशी ३,३००. फरक सुमारे ६,७०० पास्कल. एवढा धक्का मिळाला तर थेंब सुटतो.

आता वाहतं पाणी त्याला किती धक्का देतं ते पाहू. साठ्यात पाणी दिवसाला २०-३० सेंटिमीटर सरकतं. १०० मिलिडार्सी पारगम्यतेच्या खडकात (खडक द्रव किती सहज जाऊ देतो, त्याचं हे माप), उरलेल्या तेलाने अर्धी वाट अडवलेली असताना, या वेगाला मीटरमागे १२,००० पास्कलच्या आसपास दाब खर्ची पडतो. थेंब अर्धा मिलिमीटर लांब असेल तर त्याच्या दोन टोकांमध्ये ६ पास्कल. लागतात ६,७००, मिळतात ६. पंपाचा जोर वाढवून ही हजारपटीची दरी भरत नाही. त्याआधी खडक फुटेल. म्हणून पृष्ठताणच हजारपटीने खाली आणावा लागतो: २५ मिलिन्यूटनवरून ०.०२ पर्यंत.

या क्षेत्रातले लोक हेच केशाकर्षण अंकाच्या भाषेत बोलतात. तो वाहण्याचा जोर आणि पृष्ठताणाचा जोर यांचं गुणोत्तर. साध्या पाण्याच्या माऱ्यात तो कोटीत एकाच्या घरात असतो. अडकलेलं तेल हलायला लागतं ते लाखात एकाच्या पुढे, आणि बरंचसं सुटायला हजारात एकाच्या जवळ जावं लागतं.

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं. त्याच्या रेणूचं एक टोक साखरेच्या साखळीचं, पाण्यात रमणारं, आणि दुसरं चरबीसारखं, तेलाकडे झुकणारं. साबणाचा बांधा असाच असतो. फरक एवढा की सॅपोनिनचा तेलाकडचा भाग लवचीक शेपूट नसून वलयांचा ताठ, रुंद तुकडा आहे. शेपट्या एकमेकींत घुसून सीमारेषेवर दाट विणल्या जातात. ताठ तुकडे तसे विणले जात नाहीत. त्यामुळे फेस भरपूर आणि टिकाऊ, पण तेल-पाण्यातला ताण काही मिलिन्यूटनांवर येऊन थबकतो. तो २ पर्यंत आला असं उदार मनाने धरू. २५ वरून २ म्हणजे साडेबारापट घट. गरज हजारपटीची आहे.

मग प्रयोगशाळेत जादा तेल आलं कुठून?

नळीभर खडक आणि चौकोनभर खडक

प्रयोगात वापरलेली दंडगोलाकार कांडी साधारण ३.८ सेंटिमीटर व्यासाची आणि ७ सेंटिमीटर लांबीची असते. पोकळी २५ टक्के धरली तर तिच्यात २० मिलिलिटरला थोडं कमी द्रव मावतं. मूळ तेल १४ मिलिलिटर, आणि त्याच्या १० टक्के म्हणजे १.४ मिलिलिटर. हे तेल बारीक रेघांच्या नळीत गोळा होतं. पायसाच्या, म्हणजे एकमेकांत घुसळलेल्या तेल-पाण्याच्या, थरात दोन-तीन दशांश मिलिलिटर इकडे-तिकडे झाले की निकाल दोन टक्क्यांनी हलतो. प्रयोग करणारा प्रामाणिक असला तरी हलतो.

त्याहून मोठी गोष्ट वेगाची. मिनिटाला एक मिलिलिटर हा प्रयोगशाळेतला नेहमीचा आकडा निरुपद्रवी वाटतो. या कांडीत मात्र त्याचा अर्थ छिद्रांतून दिवसाला पाच मीटर असा होतो. साठ्यातल्या वेगाच्या जवळपास वीसपट. वर आलेल्या गुणोत्तरात वेगाला पृष्ठताणाएवढंच वजन आहे. वीसपट वेग आणि साडेबारापट ताणघट एकत्र आली की २५० पट होते, आणि थेंब हलायला लागतात. साठ्यात यातला वीसचा गुणक मिळत नाही.

सॅपोनिनचं एक काम मात्र खरं आहे, आणि त्याचं श्रेय काढून घेऊ नये. कच्च्या तेलातले जड, चिकट घटक वर्षानुवर्षं वाळूच्या कणांवर बसतात. मग तो खडक पाण्यापेक्षा तेलाने भिजायला लागतो. सॅपोनिन त्या थरावर चढून कणाची बाहेरची बाजू पुन्हा पाण्याकडे वळवतं. भिजण्याचा कल बदलला की पाणी आपणहून छिद्रांत शिरतं आणि तेल बाहेर ढकलतं. बऱ्याच प्रयोगांत दिसणारं जादा तेल या वाटेने आलेलं असतं, असा माझा अंदाज आहे. पण बारकाईने पाहा: हे काम करायला सॅपोनिनला खडकावर चिकटावंच लागतं. जो गुण उपयोगी पडतो, खर्च वाढवणाराही तोच.

खडक किती खातो

कुठलंही पृष्ठसक्रिय, म्हणजे साबणासारखं ताण कमी करणारं, द्रव्य खडकातून जाताना आधी खडकाच्या पृष्ठभागावर बसतं. सगळ्या जागा भरल्याशिवाय पुढच्या तेलापर्यंत काही पोहोचत नाही. खडक आधी जेवतो, तेलाची पंगत नंतर. याला अधिशोषण म्हणतात. या विषयातले बहुतेक उत्साही प्रस्ताव इथेच कोसळतात.

एका ग्रॅम साध्या वालुकाश्माचं आतलं पृष्ठफळ साधारण एक चौरस मीटर असतं. चिकणमाती जास्त असेल तर त्याहून अधिक. रिठ्यातल्या सॅपोनिनचा रेणूभार ९०० च्या आसपास. एका रेणूने पृष्ठावर अर्धा चौरस नॅनोमीटर जागा अडवली असं धरलं, तर एकपदरी थर घालायला दर चौरस मीटरला ३ मिलिग्रॅम लागतात. थोडक्यात, ग्रॅमभर खडकाला ३ मिलिग्रॅम. हा आकडा मी भीती घालायला फुगवलेला नाही. वनस्पतिजन्य सॅपोनिनांवरच्या प्रकाशित मोजमापांत याच्या कितीतरी वर गेलेले आकडे सापडतात. त्यातले काही चुरडलेल्या खडकावर घेतलेले असतात. चुरडल्याने पृष्ठफळ वाढतं, म्हणून ते मी बाजूला ठेवले.

चौकोनात घन खडक किती? चार लाख घनमीटरांपैकी पोकळी वगळता तीन लाख. घनमीटरला २.६५ टनांनी ७,९५,००० टन. त्याला टनामागे ३ किलो. खडकाची एकूण भूक झाली २,३८५ टन शुद्ध सॅपोनिन.

प्रस्तावात काय सोडायचं ठरलं होतं? पोकळीच्या ३० टक्के आकारमानाचा अर्धा टक्का तीव्रतेचा अर्क. ३०,००० घनमीटर पाण्यात १५० टन. भूक २,३८५, ताटात १५०. भागाकार केला की ६.३ टक्के येतात. मधल्या विहिरीभोवती २८ मीटर त्रिज्येचं वर्तुळ भिजेपर्यंत सगळं सॅपोनिन संपलेलं असेल. कोपऱ्यातली विहीर १४१ मीटरवर आहे. उरलेल्या वाटेवर पुन्हा साधं पाणीच चालणार. जे आपण अनेक वर्षं करतच आहोत.

प्रयोगशाळेत हे दिसत का नाही, याचं उत्तर याच गणितात आहे. कांडीत घन खडक १५८ ग्रॅम, म्हणून भूक ४७४ मिलिग्रॅम. कांडीची पोकळी एकदा भरेल एवढ्या अर्कात सॅपोनिन ९९ मिलिग्रॅम. पाच वेळा पोकळी भरेल इतका अर्क ढकलला की खडक तृप्त. मिनिटाला एक मिलिलिटरने त्याला पावणेदोन तासांहून कमी वेळ लागतो. कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या चौकोनात दिवसाला १५० घनमीटर पाणी दाबता येत असेल, तर पोकळी एकदा भरायलाच ६६७ दिवस लागतात. पाच वेळा भरायला नऊ वर्षं, आणि या नऊ वर्षांत थेंबन्‌थेंब पाण्यात अर्धा टक्का सॅपोनिन.

यावर एक रास्त आक्षेप येतो. खडक स्वच्छ असेल, ३ ऐवजी १ मिलिग्रॅमच बसलं तर? मग भूक ७९५ टनांवर येते, आणि १५० टन ४९ मीटरपर्यंत पोहोचतात. अजून १४१ दूरच.

किती झाडं?

समजा कुणी हट्टाने म्हणालं, सगळी भूक भागवू. रिठ्याच्या सुक्या सालीत सॅपोनिन दहा टक्क्यांच्या आसपास असतं. काढताना काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी २,३८५ टनांसाठी २३,८५० टन साली लागतील. फळात सालीचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त, म्हणजे फळं ४२,००० टनांच्या पुढे. एका जाणत्या झाडाने वर्षाला ३० किलो फळं दिली असं धरलं, तर एका वर्षाच्या पिकाला १४ लाख झाडं. हे सगळं चार हेक्टरच्या एका चौकोनासाठी. जुन्या साठ्यात असे चौकोन शेकड्यांनी असतात.

उलट बाजूने पाहिलं तर चित्र आणखी बोचरं होतं. प्रस्तावातलं ७,००० घनमीटर तेल पूर्णपणे हाती आलं असं माना. मी ते मानत नाही, पण माना. एका घनमीटर तेलामागे ३.४ टन साली पडल्या. एका घनमीटर तेलाचं वजन असतं ८७० किलो. सुक्या साली नुसत्या जाळल्या तर किलोला १६ मेगाज्यूलच्या हिशोबाने ५४ गिगाज्यूल उष्णता मिळेल. त्या घनमीटर तेलातून मिळणारी उष्णता आहे ३७. साली खाली सोडून तेल वर काढण्यापेक्षा साली बॉयलरखाली सारणं जास्त फायद्याचं! हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा चूक झाली असावी म्हणून मी ते दोनदा तपासलं.

तुलनेसाठी, कृत्रिम सल्फोनेटांसाठी, म्हणजे कारखान्यात बनणाऱ्या साबणासारख्या द्रव्यांसाठी, खडकाची भूक योग्य पाण्यात आणि सोड्याच्या सोबतीने ग्रॅमला ०.३ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणता येते. वाळूच्या कणांवर ऋण भार असतो आणि सल्फोनेटावरही. सोड्याने पाणी अल्कधर्मी झालं की दोघांतला दुरावा वाढतो, आणि द्रव्य पुढे सरकतं. सॅपोनिनच्या साखरेच्या साखळ्यांना असा दुरावा नाही. त्या हायड्रोजन बंधांनी कणाला धरून ठेवतात. ०.३ मिलिग्रॅमने आपल्या चौकोनाची भूक २३९ टन होते. तीही लहान नाही. आठ-दशांश टक्क्यांचा अर्क पोकळीच्या ३० टक्के सोडला तर २४० टन जातात आणि कसंबसं भागतं. कृत्रिम द्रव्यांचे प्रकल्पही काठावर चालतात ते यामुळेच. काठावर चालणाऱ्या हिशोबात दहापट भुकेचं द्रव्य घालायला जागा नसते.

बाकीच्या अडचणी

साठ्याचं तापमान ६२ अंश आहे असं धरू. तेल उद्योगात हे कोमट म्हणायचं, आणि एका अर्थी वाईटच. या तापमानाला काही जिवाणू मजेत जगतात. रिठ्याचा कच्चा अर्क म्हणजे नुसतं सॅपोनिन नव्हे. त्यात मोकळी साखर, डिंक, प्रथिनं सगळं असतं. दाबलेल्या पाण्यात सल्फेट असेल तर सल्फेट खाणाऱ्या जिवाणूंना हा खुराक मिळतो आणि ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. साठा कुजतो, नळ्या गंजतात, आणि वर काम करणाऱ्यांच्या जिवाला धोका निर्माण होतो. यावर उपाय जिवाणूनाशक, बहुतेक वेळा ग्लुटाराल्डिहाइड. ‘विषारी नाही’ या प्रस्तावातल्या शब्दांची तिथे पंचाईत होते.

गाळाचं काय? अर्कातले तंतू आणि न विरघळलेले कण ५ मायक्रॉनच्या गळ्यांत जाऊन बसतात, आणि मधली विहीर महिन्याभरात पाणी घ्यायला कुरकुरू लागते. पडद्यांतून गाळून हे टाळता येतं. खर्च वाढतो, पण सुटण्यासारखा प्रश्न आहे. पिकागणिक सॅपोनिनचं प्रमाण बदलतं. तोही प्रश्न मोजमापाने सुटतो. फेस आणि चिवट पायस वरच्या टाक्यांत त्रास देतील, कारण तेल आणि पाणी वेगळं व्हायला नकार देईल. विहिरीतून सॅपोनिन परत येईल तेव्हाची ही गोष्ट आहे, आणि या चौकोनात ते परत येणारच नाही.

झाडं या धंद्याला नवी नाहीत

हे सगळं वाचून वनस्पती आणि तेलाचं वाकडं आहे असं वाटू शकेल. तसं नाही. विहीर खोदताना भोकातून फिरवला जाणारा चिखल पातळ ठेवायला केब्राचो या दक्षिण अमेरिकी झाडाच्या लाकडाचा टॅनिनयुक्त अर्क विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून वापरात होता. पुढे त्याची जागा कागदगिरणीतून निघणाऱ्या लिग्नोसल्फोनेटांनी घेतली. खोदताना चिखल भेगांत पळून जायला लागला की अक्रोडाच्या कवचाचा भरडा आणि सरकीची टरफलं टाकायची, ही जुनी पद्धत आहे. गवारीच्या बियांचा डिंक खडकाला भेगा पाडणाऱ्या द्रवांचा कणा झाला. तो पाणी दाट करतो, वाळू भेगेत वाहून नेतो, आणि काम झालं की विकरांनी किंवा ऑक्सिडकांनी तोडून टाकता येतो.

या यादीत एक साम्य दिसतं. हे सगळे पदार्थ विहिरीत किंवा विहिरीच्या अगदी जवळ काम करतात. चिखल वर परत येतो, भेगेतला डिंक काही दिवसांत तुटतो. शंभर-दीडशे मीटर खडकातून, दोन वर्षं, शाबूत प्रवास करण्याची जबाबदारी यांतल्या कुणावरच नाही. गवारीचा डिंक इतक्या लांब पाठवायचा विचार केला की लगेच अडतो. त्यात न विरघळणारा अंश उरतो आणि तो छिद्रं बुजवतो. दाट पाण्यासाठी जैविक पर्याय टिकले ते सूक्ष्मजीवांकडून आले. झँथन जिवाणूचं, शिझोफिलन बुरशीचं. शिझोफिलनची चाचणी विंटरशॉल कंपनीने जर्मनीतल्या बॉकश्टेट क्षेत्रात घेतली. त्या जिवांना वाढवायला साखर झाडाचीच लागते, हा मुद्दा काढून कुणी ‘वनस्पतिजन्य’ शब्द ताणू शकतं. मी ताणणार नाही.

मग या चौकोनात काय करायचं

प्रस्ताव नाकारताना त्यातलं सॅपोनिन, खडक आणि जागा यांची मांडणी बदलून पाहिली, तर दोन गोष्टी हाती लागतात.

पहिली म्हणजे खडकाची भूक हाच प्रश्न असेल तर महागडं द्रव्य जाण्याआधी त्याला काहीतरी स्वस्त खायला घालावं. लिग्नोसल्फोनेटांचा हा उपयोग १९७० च्या दशकातच तपासला गेला. त्यांना बळीची द्रव्यं म्हणतात. तेल सोडवायला ती जवळजवळ निकामी, पण खडकावरच्या जागा अडवायला बरी. लाकडातला लिग्निन सल्फाइट पद्धतीच्या कागदगिरणीत विरघळून आयताच बाहेर पडतो. त्यासाठी वेगळी झाडं लावावी लागत नाहीत. पुढे जाणाऱ्या सल्फोनेटाची भूक त्याने ०.३ वरून ०.१५ वर आणली, तर या चौकोनात ११९ टन द्रव्य वाचेल. ती खरंच निम्मी होईल का, हे या खडकाच्या न चुरडलेल्या तुकड्यावर, साठ्याच्या खाऱ्या पाण्यात, साठ्याच्या वेगाने मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. एक धोका आहे: लिग्नोसल्फोनेट नंतर हळूहळू सुटून त्याची जागा सल्फोनेट घेऊ शकतं. म्हणून मोजमाप तासाभराचं नको, काही आठवड्यांचं हवं.

पुढे जाणारं द्रव्यही झाडाचं असू शकतं, फक्त कच्च्या अर्काच्या रूपात नाही. ग्लुकोज आणि वनस्पती तेलातले मेदी अल्कोहोल जोडून अल्किल पॉलिग्लुकोसाइडं बनतात. क्षारांना ती फारशी घाबरत नाहीत. पाम तेलापासून मिथिल एस्टर सल्फोनेटं बनतात. दोन्हींना तेलाकडे लवचीक शेपूट आहे, म्हणून योग्य जोडीदारासोबत ताण फार खाली नेण्याची शक्यता खरी आहे. एस्टरच्या गाठीला मात्र तीव्र अल्कली सोसत नाही. त्यामुळे सोड्याच्या सोबतीने भूक कमी करायची युक्ती तिथे जपून वापरावी लागते. वनस्पती तेलाचा साधा साबण करून सोडायची कल्पना अधूनमधून पुढे येते. साठ्यातल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबण त्यांच्याशी भेटला की दह्यासारखा फाटतो. पाणी आधी मृदू करण्याची तयारी नसेल तर तो विषय तिथेच मिटवावा.

दुसरी गोष्ट रिठ्याला न्याय देणारी आहे. लागणारं द्रव्य त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. मग लांब जायचंच कशाला? कोपऱ्यातल्या तेल देणाऱ्या विहिरीभोवती फक्त ३ मीटर त्रिज्येचा खडक घेऊ. ढोबळ आकारमान २८३ घनमीटर, पोकळी ७१, घन खडक ५६२ टन. भूक १.७ टन सॅपोनिन, साली १७ टन. दोन टक्क्यांचा अर्क ८५ घनमीटर झाला की भूक भागते. विहिरीतून अर्क आत दाबायचा, काही दिवस तोंड बंद ठेवायचं, मग त्याच विहिरीतून परत ओढायचं. विहिरीलगतच्या खडकावर जड घटकांचा थर बसून तो तेलाने भिजू लागला असेल, तर त्याचा कल बदलणं हे सॅपोनिनला खरोखर येणारं काम आहे. इथे ताण हजारपटीने खाली आणायची अट नाही. कालावधीही वर्षांचा नाही, दिवसांचा आहे. ६२ अंशाला तेवढ्यात साखरेची साखळी तुटण्याची भीती कमी.

यातून ७,००० घनमीटर तेल मिळणार नाही. एका विहिरीचा श्वास काही काळ मोकळा होईल, एवढंच. कदाचित तेही नाही, कारण लगतचा खडक बिघडलेला नसेल तर सुधारण्यासारखं काही नसतंच. म्हणून आधी त्या विहिरीची दाबचाचणी घ्यायची. विहीर बंद करून दाब कसा चढतो ते पाहिलं की अडथळा विहिरीला चिकटून आहे की दूर आहे, हे कळतं. अडथळा लगत दिसला तरच साली मागवायच्या.

चार विहिरींपैकी एकीवर उपचार, शेजारच्या दुसरीवर तेवढंच साधं खारं पाणी दाबून तीच कृती, आणि उरलेल्या दोन जशाच्या तशा. नुसतं पाणी आत-बाहेर केल्यानेही विहीर काही दिवस बरी वागते, आणि त्याचं श्रेय रिठ्याच्या खात्यात जाऊ नये. रोजच्या तेल-पाण्यासोबत परत येणाऱ्या पाण्यातलं सॅपोनिनही मोजायचं. दाबलेल्या १.७ टनांपैकी पहिल्या आठवड्यातच एक टन बाहेर आलं, तर खडकाने फारसं खाल्लंच नाही. मग वरचा ग्रॅमला ३ मिलिग्रॅमचा आकडा या खडकासाठी मला खोडावा लागेल, आणि ०.३ मिलिग्रॅमच्या जवळ काही निघालं तर चौकोनाचं गणित पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडायला मी तयार आहे.